'बाहू' आणि 'बाजू' यांच्या आधीचा शब्द: यातला 'झ' कुठला?

तारांकित: भाषाशास्त्रावरचा एक लेख मराठीत आणतोय. संस्कृत 'बाहु', अवेस्तात (पारशांच्या जुन्या धर्मग्रंथाच्या इराणी भाषेत) 'बाज़ु', फारसी 'बाजू'. त्यांच्यामागचा भारत-इराणी शब्द मी *भाझु असा लिहिला. (तारा म्हणजे लेखी सापडलेला नाही, जुळवलेला.) तपासणाऱ्यांचा शेरा: "बाजू फारसी आहे, संस्कृतला चिकटवू नका." चिकटवलं कुठे? भाऊ-भाऊ म्हटलंय, बाप-लेक नव्हे. ते असो. माझी अडचण 'झ'ची. वाचक झाडातला वाचणार की झेंड्यातला?

माजघर: संस्कृतात ह असताना झ आणलात कुठून?

तारांकित: त्या ह ची दोन कुळं आहेत. 'हन्ति'ला अवेस्तात 'जइन्ति', तिथे मूळ घ; 'घ्नन्ति'त तो अजून दिसतो. 'हस्त'ला मात्र 'ज़स्त', 'बाहु'ला 'बाज़ु'. हे तालव्य कूळ, म्हणजे जीभ टाळूला लावून काढायच्या, च-ज-झ सारख्या उच्चारांचं. आणि भ म्हणाल तर इराणीत भ चा ब होतोच. संस्कृतात दोन महाप्राण (घ, झ, भ असे ह मिसळलेले वर्ण) जवळ आले की पहिला माघार घेतो. 'भभूव' नाही, 'बभूव'.

माजघर: पण 'बाजू'तला ज आपण 'जरा'सारखा काढतो, 'जेवण'सारखा नाही. मग झाडातलाच झ घ्या की.

तारांकित: तो फारसी ज़ चा ठसा, फार नंतरचा.

देशीच बरं: एवढा खटाटोप कशाला? मराठीत 'दंड' आहे. लस दंडावर घेतो, बाजूवर नाही. बाजूला हाकला, 'कड' म्हणा.

वाकीवाली: म्हणजे कोर्टात वकील अशिलाची कड मांडणार! आधी वकील आणि अशील दोघांना हाकला, तेही परकेच. आमची आजी दंडातल्या दागिन्याला वाकीच म्हणायची. बाजूबंद म्हटलं की नाक मुरडायची.

माजघर: वाकी वेगळी, बाजूबंद वेगळा. वाकी घट्ट बसते, बाजूबंद दोऱ्याने बांधायचा. बरं, 'बखोट' कशावरून? मला तर त्यातही बाहूच दिसतो.

देशीच बरं: तुम्हाला सगळीकडेच दिसतो. 'काखोटीला मारणे', 'बखोटीला धरणे', जोडी बघा. बखोट अस्सल देशी.

माजघर: अस्सल म्हणजे कुठून आलं ते तुम्हालाही ठाऊक नाही, एवढंच ना?

तारांकित: झाड की झेंडा? मजकूर उद्या सकाळी द्यायचाय.

वाकीवाली: दोऱ्याची वाकीही असते हो. आजीच्या वाकीला मागे गोंडा होता.