मदत हवी आहे: एक्सआरएफ गनवर पात्यात कोबाल्ट दिसत नाही, मग ते मॅरेजिंग आहे की नाही?

नमस्कार मंडळी,

आमच्या तलवारबाजी क्लबची हत्यारं सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. फॉइलच्या (तलवारबाजीतलं हलकं, टोचायचं हत्यार) नव्या पात्यांचा एक लॉट आला, सगळी मॅरेजिंग स्टीलची (भरपूर निकेल असलेलं, तापवून ताकद आणलेलं खास स्टील) म्हणून विकलेली. त्यातलं एक सरावात फटकन तुटलं, फारसं वाकलंही नव्हतं. पातं म्हटलं की कधीतरी तुटणारच, पण हे इतक्या लवकर गेलं म्हणून संशय आला. एका मित्राच्या लॅबमध्ये हातात धरायची एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारं यंत्र) आहे, तिच्यावर तपासून घेतलं. आकडे टक्क्यांत:

जुनं, खात्रीचं पातं: लोह ६८, निकेल १८.३, कोबाल्ट ८.१, मॉलिब्डेनम ४.८, टायटॅनियम ०.५
तुटलेलं: लोह ९७.९, मँगनीज ०.८, क्रोमियम ०.८, निकेल जवळजवळ नाहीच
त्याच लॉटमधलं न तुटलेलं: लोह ७६.६, निकेल १८.४, मॉलिब्डेनम ३.०, टायटॅनियम १.४, कोबाल्ट ०.२

तुटलेल्याचं काय ते कळलं. अडलंय ते तिसऱ्यापाशी. निकेल भरपूर आहे, कोबाल्ट गायब, आणि मशीन म्हणतं ग्रेड जुळत नाही. वरून निकेलचा मुलामा देऊन फसवलंय का? शिवाय टोकाकडे रीडिंग दर वेळी वेगळं येतं आणि पांढऱ्या छापील अक्षरांवर तर टायटॅनियम एकदम उसळी मारतं. कोणत्या आकड्यावर भरवसा ठेवू?

भट्टीकर:
तुटलेलं पातं मॅरेजिंग नाही, त्यात वाद नको. साधं लो-अलॉय (इतर धातू अगदी थोडे मिसळलेलं) स्टील आहे ते.

तिसऱ्यावर मात्र लगेच फसवणुकीचा शिक्का मारू नका. नेहमीच्या सी-२५० ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के निकेल, साडेसात-आठ कोबाल्ट, पाचाच्या आसपास मॉलिब्डेनम आणि अर्ध्या टक्क्याच्या आत टायटॅनियम असतं. पण १९७० च्या दशकाच्या शेवटी कोबाल्ट फार महागलं, तेव्हा ते वगळून केलेले ग्रेडही पुढे आले. टी-२५० त्यातलाच: निकेल साडेअठरा, मॉलिब्डेनम ३, टायटॅनियम १.४. तुमचे आकडे त्यावर चपखल बसतात. मित्राच्या गनच्या लायब्ररीत तो ग्रेड भरलेला नसेल, इतकंच.

मुलाम्याची शंका मॉलिब्डेनममुळे फिटते. निकेलच्या मुलाम्यात ते ३ टक्के कुठून येणार? आणि मॉलिब्डेनमची किरणं साडेसतरा किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (किरणांच्या ऊर्जेचं माप) इतकी जोरकस, निकेलच्या साडेसातपेक्षा बरीच खोलवरून बाहेर येतात.

वर्णपट:
कोबाल्टच्या त्या ०.२ कडे बघूच नका. कोबाल्टची मुख्य रेषा (म्हणजे त्याच्या किरणांची ठरावीक ऊर्जा) ६.९३ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला आणि लोहाची दुसरी रेषा ७.०६ ला. लोहाचा ढीग एवढा मोठा असताना त्याच्या कुशीतलं पाव टक्का कोबाल्ट गन नीट वेगळं काढू शकत नाही. आठ टक्के असतं तर मात्र गनच्या नजरेतून सुटलं नसतं.

पांढऱ्या अक्षरांचं टायटॅनियम रंगातलं. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड सर्रास असतो. अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसा. कानस किंवा पॉलिश पेपर पात्याला आडवा अजिबात लावू नका, नंतरची चीर तिथूनच सुरू होते.

टोकाचं सांगायचं तर, गनची खिडकी साधारण ८ मिमीची आणि पातं तिच्यापेक्षा कितीतरी अरुंद. अर्धी किरणं बाजूने निघून जातात. मशीन उरलेल्यावरून बेरीज शंभर करून देतं, म्हणून रीडिंग चुकलंय हे लक्षातही येत नाही. गार्डजवळच्या (मुठीकडच्या) रुंद, सपाट भागावर घ्या, ३ मिमीचा स्पॉट असेल तर तोच वापरा, आणि पाच सेकंदांत बटण सोडू नका. पातं हातात धरून गनसमोर नेत असाल तर ते आजच बंद करा! बाजूने निघालेली किरणं बोटांवरच पडतात. झाकणाचा टेस्ट स्टँड लागतोच.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. स्टँडमध्ये ठेवून, पुसून, गार्डजवळ पुन्हा घेतलं. आकडे आता हलत नाहीत, टायटॅनियम १.४ वरच आहे. म्हणजे हे पातं आणि बाकीचा लॉट वापरायला हरकत नाही ना?

भट्टीकर:
घाई नको. एकाच लॉटमध्ये दोन वेगळी स्टील निघाली आहेत, तेव्हा प्रत्येक पातं गनखाली जाऊ द्या.

दुसरं, गनने फक्त घटक सांगितले. मॅरेजिंगची ताकद ४८० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास एजिंग केल्यावर (म्हणजे त्या तापमानात ठेवल्यावर) येते. एजिंग न केलेलं पातंही गनवर हेच आकडे दाखवेल. ते साधारण ३० एचआरसी (रॉकवेल चाचणीतलं कडकपणाचं माप) भरतं, नीट एजिंग झालेलं ५० च्या घरात जातं. मुठीच्या आत दडणाऱ्या टँगवर रॉकवेल घेतलंत तर तिथला ठसा चालून जाईल, पात्यावर नको.

आणि कार्बन. मॅरेजिंगमध्ये तो ०.०३ टक्क्याच्या आत हवा, पण या गनला कार्बन दिसतच नाही. त्यासाठी स्पार्कचं ओईएस (ठिणगीच्या प्रकाशावरून घटक ओळखणारी चाचणी) लागतं, ते धातूवर जळका डाग सोडतं. तुटलेला तुकडा आहेच, त्यावर करून घ्या. विक्रेत्याशी बोलायला छापील रिपोर्ट हाताशी असलेला बरा.

सलामी:
थोडं अवांतर. मॅरेजिंग तुटलं तर बोथट तुटतं, असं क्लबमध्ये छातीठोक सांगणारे भेटतात. तसं काही नाही, तेही तितकंच धारदार तुटतं. फक्त त्यात चीर हळू वाढते, म्हणून तुटण्याची वेळ कमी येते. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत तुटलेलं फॉइल मुखवट्यातून आत जाऊन सोव्हिएत तलवारबाज व्लादिमिर स्मिरनोव्ह दगावले, त्यानंतर पाती, मुखवटे, पोशाख सगळ्याचेच नियम कडक झाले. तुमच्या तिसऱ्या पात्यावर एफआयईचा (आंतरराष्ट्रीय तलवारबाजी महासंघाचा) शिक्का आहे का ते बघा. नसेल, तर घटक कितीही जुळोत, एफआयईच्या स्पर्धेत हत्यार तपासणीलाच ते बाजूला काढतील.

धागाकर्ता:
शिक्का आहे, पण तुटलेल्यावरही तसाच होता! सगळा लॉट बाजूला काढलाय. टँगवर रॉकवेल घेऊन आकडे इथेच टाकतो.