टूरिंगसाठी सायकल घेताना चेनस्टे पाहायची की नाही? नागपूरवाले बोला

टाचेचा शत्रू
राजेहो, आजकाल ज्याला त्याला टूरिंग, म्हणजे सामान बांधून लांबचा प्रवास, करायचाय अन घेऊन राहिले सगळे ग्रॅव्हल बाईक (कच्च्या रस्त्यासाठी रुंद टायरवाली रोड बाईक). काहून विचारलं तर म्हणे हलकी आहे, डिस्क ब्रेक आहे, ४० मिलिमीटरचा टायर बसतो. जॉमेट्रीचा, म्हणजे फ्रेमच्या मापांचा चार्ट कोणी उघडून पाहत नाही. माझं म्हणणं एवढंच, की मागं पॅनिअर (रॅकच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या) लावून चिखलदरा चढायचा असंल किंवा पेंचवरून शिवनीकडं जायचं असंल तर पहिले चेनस्टेचा, म्हणजे पायडलच्या धुरीपासून मागच्या चाकाच्या मधापर्यंतच्या नळीचा, मिलिमीटरमधला आकडा पाहा. रोड बाईकची ४१० च्या आसपास असते, ग्रॅव्हलची ४२५ ते ४३५, अन सर्ली कंपनीच्या लाँग हॉल ट्रकर या जुन्या टूरिंग सायकलची ४६०. कागदावर हे दोन-तीन सेंटिमीटर काहीच वाटत नाहीत, पण दोन्ही बाजूंनी भरलेल्या पिशव्या असल्या की पायडल मारताना टाच पिशवीला घासते की नाही ते इथंच ठरतं. बरं, घासू नये म्हणून पिशवी मागं सरकवली तर वजन मागच्या चाकाच्या एक्सलच्या मागं जातं, पुढचं चाक हलकं होतं अन चढावर उभं राहून पायडल मारलं की आख्खी सायकल शेपटीसारखी हलते. बीबी ड्रॉपचंही तेच, म्हणजे पायडलची धुरी (बीबी) चाकांच्या एक्सलपेक्षा किती खाली आहे ते. ट्रकरचा ७८ आहे, माणूस खाली बसतो, लोड घेऊन सायकल शांत चालते. ग्रॅव्हल बाईक चांगली आहे, फक्त तिला टूरिंग म्हणू नका.

मुरूम एक्सप्रेस
भाऊ पण पॅनिअर घेताच काहून? मागं सीटबॅग, मधात फ्रेमबॅग, पुढं हँडलबारला रोल, झालं. टाचेचा प्रश्नच मिटला. रामटेक, सेवाग्राम, अगदी चिखलदऱ्यापर्यंत रस्त्यात चहा-नाश्ता-जेवण सगळं मिळते, स्टोव्ह अन तंबू घेऊन कोण जाऊन राहिलं? आखूड चेनस्टेनं मागचं चाक बुडाखाली येतं, सुट्या मुरमाच्या चढावर ते पकड सोडत नाही. तुमची ४६० वाली तिथं नुसती फिरते.

अन पहिले पाहायचं तर स्टॅक अन रीच पाहा ना, म्हणजे बीबीपासून फ्रेमचं पुढचं टोक किती वर अन किती पुढं आहे ते. चेनस्टे चुकली तर टाच घासंल, रीच चुकला तर मान, खांदे, तळहात सगळंच जातं. ३०० किलोमीटरची बीआरएम (ठरल्या वेळेत पुरी करायची लांब राइड) म्हणजे २० तासांची मुदत, तेवढा वेळ त्या हँडलवर काढायचा असतो. एका कंपनीचा मिडियम दुसरीचा लार्ज निघतो, त्यामुळं साईझच्या अक्षरावर जाऊच नका.

टाचेचा शत्रू
स्टॅक-रीच पाहू नका असं मी कुठं म्हटलं बे. पण रीच स्टेम (हँडल धरणारा तुकडा) बदलून थोडाफार जमवता येतो, स्टॅकला खालून स्पेसर (कड्या) देता येतात. चेनस्टे काय कापून जोडणार? अन सामान नाही म्हणता, मार्चनंतर इकडं पाणीच किती लागते सांगा. चार-पाच लिटर पाणी म्हणजे तेवढेच किलो झाले, ते सीटबॅगमध्ये उंचावर ठेवून पाहा मग बोलू.

मुरूम एक्सप्रेस
पाणी फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर लावा. त्यासाठी तीन-तीन बोल्टवाले फोर्क आता बऱ्याच ग्रॅव्हल बाईकला येतात. अन मार्चनंतर लांबची टूर काढतो कोण बाप्पा, आपला सीझन दिवाळी ते फेब्रुवारी.

पाच फूट एक
तुम्ही दोघंही मिडियम-लार्जवाले दिसता, म्हणून सांगते. लहान साईझमध्ये वेगळाच घोळ असतो. ७०० ची (नेहमीची मोठी) चाकं छोट्या फ्रेममध्ये बसवायची अन पायाचा पंजा पुढच्या चाकाला लागू द्यायचा नाही, म्हणून कंपन्या हेड अँगल (पुढच्या नळीचा कोन) पाडतात. फोर्क मात्र सगळ्या साईझला तोच. आता हिशोब करा: चाकाची त्रिज्या ३४० अन फोर्क ऑफसेट (हँडलच्या रेघेपासून चाकाचा एक्सल किती पुढं ते) ४५ धरला तर ७२ अंशाला ट्रेल (हँडलची रेघ जमिनीला लागते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, जास्त असलं की हँडल सुस्त) येतो साधारण ६३ मिलिमीटर, ७० अंशाला ७६. म्हणजे एकच मॉडेल, एकच रंग, पण मोठ्या साईझवाल्याची सायकल झटकन वळते अन माझी हळू चालवताना हँडल एका बाजूला पडू पडू करते. त्यावर हँडलबारला रोल बांधा म्हणता दादा, तर अजूनच. चेनस्टे बहुतेक मॉडेलला सगळ्या साईझमध्ये सारखीच असते, तो आकडा घेऊन मी करू काय? टूरिंगवाल्या जुन्या डिझाईनमध्ये लहान फ्रेमला २६ इंची चाकं द्यायचे ते खरं डोकं होतं.

काळी माती
चार्टमध्ये जे लिहित नाहीत ते सांगतो. टायर अन चेनस्टेच्या मधली जागा. कळमेश्वर-काटोलकडच्या पांदणीत पाऊस पडून गेल्यावर सायकल घाला, काळी माती टायरला अशी चिकटते की चाक फिरतच नाही, मडगार्ड असंल तर आधी तिथंच जाम. तुमची ४६० असो का ४२५, खांद्यावरच घ्यावी लागते. लांब चेनस्टेनं तिथं थोडी जागा मिळते खरी, पण कंपनीनं ती जागा सोडली असंल तरच.

आणखी एक, लोक ग्रॅव्हल घेऊन वरून ६५० बी (७०० पेक्षा लहान) चाकं टाकतात. ७०० च्या ४० टायरची त्रिज्या ३५१ पकडा, ६५० बीच्या ४७ ची ३३९. बीबी सरळ १२ मिलिमीटर खाली अन ट्रेल चारेक मिलिमीटर कमी. म्हणजे चार्ट पाहून घेतलेली सायकल चालवायला वेगळीच. अन हे शत्रूभाऊ खाली बसायचं कौतुक करून राहिले, पांदणीच्या दगडाला पायडल आपटलं की कळते.

टाचेचा शत्रू
पांदणीत भर पावसात पॅनिअर लावून जाते कोण? मी डांबरी अन बऱ्या कच्च्या रस्त्याचं बोलून राहिलो.

जुनं लोखंड
सगळे पन्नास हजाराच्या वरचं बोलून राहिले. जुनी स्टीलची २६ इंची एमटीबी घ्या, मागं रॅकचे डोळे (बोल्टची भोकं) आहेत का तेवढं पाहा, चालले. त्यांच्या चेनस्टे ४२५-४३० च असायच्या अन लोक त्यावर दुनिया फिरले. फक्त सस्पेन्शन फोर्क काढून साधा टाकणार असाल तर लांबी मोजूनच घ्या. नवा फोर्क दोन सेंटिमीटर आखूड निघाला की हेड अँगल साधारण एक अंश उभा होतो अन बीबीही खाली येते. दुकानवाला म्हणंल चालते, बसते. बसते ते खरं आहे.

पाच फूट एक
लोखंडभाऊ, १४ इंची फ्रेम कुठं दिसली तर सांगा. सीताबर्डीला विचारून पाहिलं, सगळे १८ च दाखवतात अन वरून म्हणतात सीट खाली करून देतो ताई.

मुरूम एक्सप्रेस
सीट खाली केल्यानं रीच कमी होते असं सांगणाऱ्या दुकानात मीबी गेलो होतो 😄

टाचेचा शत्रू
ताई, १४ ची मिळाली तरी घ्यायच्या आधी रॅक अन भरलेली पिशवी लावून सेमिनरी हिल्सचा चढ एकदा मारून पाहा. टाच घासली तर मला सांगा, मग मुरूमभाऊंना मी पाहतो.

मुरूम एक्सप्रेस
अन नाही घासली तर?