समोरून येणारं विमान दुसऱ्या कंपनीचं असलं तर?

प्रश्न : एसटीचालक, सातारा

नमस्कार. मी एसटीत चालक आहे. मुलगी गोंदियाला फ्लाइंग शिकली आणि आता एका कंपनीत को-पायलट म्हणून लागली आहे. तिच्याच बॅचची मैत्रीण दुसऱ्या कंपनीत आहे. दोन्ही कंपन्या त्याच त्या शहरांमध्ये उडतात आणि एकमेकींचे प्रवासी ओढतात.

आमच्याकडे आंबेनळी घाटात दरड आली किंवा गाडी आडवी पडली, की समोरून येणारा दिवा मारतो, हात बाहेर काढून थांबायला सांगतो. मग तो खाजगी ट्रॅव्हल्सवाला का असेना. सकाळी स्टँडबाहेर त्याच्याशी प्रवाशांवरून वाजलेलं असलं तरी तो सांगतो, आणि मीही त्याला सांगतो.

विमानात असं असतं का? की प्रत्येक जण फक्त टॉवरशी बोलतो? मुलीला विचारलं तर "असतं बाबा, खूप असतं" म्हणाली आणि ड्युटीला गेली. मला नीट समजून घ्यायचं आहे. आणि एक काळजी आहे. दुसऱ्या कंपनीच्या विमानाला मदत केली म्हणून तिची कंपनी तिला बोल तर लावणार नाही ना? ती अजून नवीन आहे.

उत्तर : निवृत्त कॅप्टन, डोंबिवली

दादा, असतं. दिवासुद्धा मारतात, अगदी तुम्ही म्हणता तसाच.

रात्री समुद्रावर एकाच मार्गाने समोरून विमान येतं, तेव्हा ते आपल्यापेक्षा फक्त हजार फूट वर किंवा खाली असतं. दोघांचा वेग मिळून ताशी सुमारे १८०० किलोमीटर होतो, म्हणजे लांबचा ठिपका बघता बघता डोक्यावरून निघून जातो. तो दिसला की आपण लँडिंग लाइट क्षणभर लावून बंद करायचे. तोही लावतो. शेपटीवर कुठल्या कंपनीचं चिन्ह आहे ते अंधारात दिसत नाही, आणि ते बघायचंही नसतं. मी आखाती देशांच्या आणि पूर्व आफ्रिकेच्या मार्गांवर बरीच वर्षं उडले. माझ्या शेजारी बसणाऱ्या प्रत्येक को-पायलटला मी ही सवय लावली, कारण बाहेर बघत राहण्याची सवय त्यातूनच लागते.

पण दिवा हा नमस्कार झाला. जास्त मोलाचं असतं ते बोलणं. एका हद्दीतली सगळी विमानं एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात, त्यामुळे एकाने कंट्रोलरला सांगितलेलं सगळ्यांना ऐकू येतं. मे महिन्यात विदर्भावर ढग चढतात, त्यांचे माथे आपल्या उंचीच्या कितीतरी वर असतात. पुढे गेलेला सांगतो, "वीस मैल डावीकडे वळलो तरी जोराचे धक्के आहेत, ३४ हजार फुटांवर बरं आहे." मागे पाच मिनिटांवर असलेला कॅप्टन लगेच पट्ट्यांचा दिवा लावतो आणि केबिन क्रूला बसायला सांगतो. त्या पाच मिनिटांत उकळत्या चहाच्या किटल्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, परत जातात. कुणाच्या हातावर, कुणाच्या मांडीवरच्या बाळावर तो चहा सांडत नाही. हे मागचं विमान बहुतेक वेळा प्रतिस्पर्धी कंपनीचंच असतं.

मुंबईचा पाऊस तर तुम्हाला माहीत आहे. जुलैमध्ये २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरताना एखाद्याला ५०० फुटांवर अचानक १५ नॉट (ताशी सुमारे २८ किलोमीटर) वेग गेल्याचं दिसतं. तो उतरणं सोडून वर जातो. त्या क्षणी कॉकपिटमध्ये हात मोकळा नसतो : पॉवर, दिशा, उंची, सगळं एकदम. तरी विमान स्थिर झालं की तो आधी सांगतो ते मागच्यांसाठी असतं : विंडशिअर (वाऱ्याचा अचानक पालटलेला जोर), किती फुटांवर, किती नॉट. जो उतरतो तो सांगतो की ब्रेक चांगले लागले, मध्यम लागले की लागलेच नाहीत. धावपट्टीच्या पाण्याबद्दल यंत्रं आणि माणसं मोजून सांगतातच, पण आत्ता, दोन मिनिटांपूर्वी तिथून गेलेल्या माणसाच्या शब्दावर माझा सगळ्यात जास्त भरवसा असायचा.

आता समुद्राचं. किनाऱ्यापासून दूर गेलं की नेहमीचा, जवळच्या पल्ल्याचा व्हीएचएफ रेडिओ पोचत नाही, मग लांब पल्ल्याच्या एचएफ रेडिओवर "मुंबई रेडिओ" या जमिनीवरच्या केंद्राशी बोलायचं. हल्ली उपग्रहावरून लेखी संदेश जातात, त्यामुळे हे कमी झालं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मात्र नुसती खरखर असायची. एका रात्री दुसऱ्या कंपनीचा को-पायलट मुंबईला परत परत हाक मारत होता. मुंबईला तो ऐकू येत नव्हता आणि त्याला मुंबई. आम्हाला दोघंही ऐकू येत होते. माझ्या कॅप्टनने मान हलवली, मी त्याचा रिपोर्ट लिहून घेतला : कुठला बिंदू, किती वाजता, कुठल्या उंचीवर, पुढचा बिंदू किती वाजता. तो मुंबईला वाचून दाखवला आणि मुंबईने उंची बदलायला दिलेली परवानगी त्याला कळवली. त्याने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवली, आणि ती बरोबर असल्याचं मी मुंबईला सांगितलं. हे शेवटचं पाऊल फार महत्त्वाचं. निरोप देणाऱ्याने स्वतःचा एक शब्द घालायचा नाही की गाळायचा नाही. त्या हंगामात आमच्या दोन कंपन्यांची त्याच मार्गावर भाड्याची जबर मारामारी चालली होती.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण जून १९८२ चं आहे. ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान, रेडिओवर नाव "स्पीडबर्ड नाइन", क्वालालंपूरहून पर्थकडे निघालं होतं. इंडोनेशियावर रात्री ३७ हजार फुटांवर ते गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी आणि त्यांच्या क्रूने मेडे, म्हणजे जिवावरच्या संकटाची हाक, दिली, पण जकार्ताच्या कंट्रोलरला वाटलं की चार नंबरचं एकच इंजिन गेलंय. चारही जातात हे कुणाला खरं वाटणार? जवळून जाणाऱ्या गरुडा इंडोनेशियाच्या विमानाने तोच निरोप पुन्हा सांगितला तेव्हा जमिनीवर कळलं की काय झालंय. पुढे इंजिनं परत सुरू झाली, काच राखेने घासून आंधळी झाली होती, तरी ते जकार्त्याला सुखरूप उतरलं. विमानात २६३ माणसं होती. लोक मूडींचं कौतुक करतात, ते करायलाच हवं. मला मात्र दर वेळी गरुडाच्या त्या क्रूची आठवण होते, ज्यांचं नाव कुणी घेत नाही.

तुमच्या काळजीबद्दल. नाही, बोल लावणार नाही. तीव्र धक्के, बर्फ, राख भेटली तर कळवायचं हा आंतरराष्ट्रीय नियमच आहे, आणि प्रत्येक कंपनीच्या नियमपुस्तकात तो असतो. कंपन्या स्वतःही धक्क्यांची माहिती आपसात वाटतात. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची "टर्ब्युलन्स अवेअर" नावाची व्यवस्था त्यासाठीच आहे. प्रवासी किती, भाडं किती, कुणाची ड्युटी कशी लागली, हे मात्र बाहेर बोलायचं नाही. ही रेघ तुमच्या मुलीला पहिल्या आठवड्यातच शिकवली असेल.

उत्तर : हवाई वाहतूक नियंत्रक

मॅडमनी छान लिहिलंय. आमच्या बाजूचं थोडं घालतो.

सौजन्य वैमानिकांचं, पण क्रम आम्ही लावतो. रांगेत पुढे असलेला कधी म्हणतो, "आम्हाला अजून दोन मिनिटं लागतील, मागच्याला आधी जाऊ द्या." मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एकदम दोन्ही वापरता येत नाहीत आणि ती दोन मिनिटं आम्हाला सोन्यासारखी असतात. पण हे तो आम्हाला सांगतो. आपसात ठरवून जागा बदलत नाहीत, बदलूही नयेत. मनाचा मोठेपणा दाखवायचा म्हणून कुणी परस्पर वाट दिली तर तिसऱ्याच विमानाशी गाठ पडू शकते.

टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालत असताना, "आमच्या पुढच्या विमानाच्या पोटाखालचं झाकण उघडं दिसतंय" असं मागचा सांगतो. आम्हाला टॉवरमधून ते दिसणं शक्य नसतं.

आणि मेडे. तो शब्द आला की फ्रिक्वेन्सीवरची सगळी विमानं गप्प होतात. ज्यांना खाली यायचंय, वळायचंय, तेही थांबतात. मग मध्येच एखादा हळू आवाजात एवढंच म्हणतो, "आमच्याकडे इंधन भरपूर आहे, आम्हाला शेवटी ठेवा." त्याचं विमान उशिरा पोचेल, प्रवासी त्याच्याच कंपनीला शिव्या देतील, हे त्याला माहीत असतं.

उत्तर : वैमानिक, शिकागो

मूळचा नागपूरचा. अमेरिकेत याचं आणखी एक रूप आहे, जंपसीट. इथे बरेच वैमानिक एका शहरात राहतात आणि ड्युटी दुसऱ्या शहरातून सुरू होते. विमानात जागा नसेल तर प्रतिस्पर्धी कंपनीच्या कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर बसून जाता येतं. ओळख "कॅस" नावाच्या संगणक प्रणालीतून तपासली जाते, पण शेवटचा शब्द त्या विमानाच्या कॅप्टनचा. आपण कॉकपिटच्या दारात जायचं, नाव-कंपनी सांगायची, "येऊ का?" असं विचारायचं. नाही म्हणाले तर वाईट वाटून घ्यायचं नाही. दहा हजार फुटांखाली कामाशिवाय एक शब्द नाही, मात्र काही चुकीचं दिसलं तर लगेच सांगायचं. भारतात कॉकपिटमध्ये कुणी बसावं हे डीजीसीए या सरकारी विमान नियामकाच्या नियमांनी घट्ट बांधलेलं आहे, त्यामुळे तुमच्या मुलीला हे तिथे दिसणार नाही.

७ जुलै २०१७ ची सॅन फ्रान्सिस्कोची रात्रही सांगायला हवी. एअर कॅनडाचं ए३२० विमान धावपट्टी समजून शेजारच्या टॅक्सीवेवर, म्हणजे विमानं धावपट्टीकडे चालत जातात त्या रस्त्यावर, उतरायला निघालं. तिथे उड्डाणासाठी चार भरलेली विमानं रांगेत उभी होती. रांगेतल्या युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकाने रेडिओवर विचारलं, हा चाललाय कुठे, हा तर टॅक्सीवेवर आहे. त्याच्या मागे उभ्या फिलिपिन एअरलाइन्सच्या क्रूने आपले दिवे लावले. एअर कॅनडाचे वैमानिक वर निघाले तोवर ते जमिनीपासून सुमारे ६० फुटांपर्यंत आले होते. सगळे वाचले.

एसटीचालक, सातारा

तिघांचेही मनापासून आभार. दोनदा वाचलं, बायकोलाही वाचून दाखवलं. आणखी एकच विचारतो, कॅप्टन ताई. मुलगी आणि तिची मैत्रीण एकाच फ्रिक्वेन्सीवर आल्या तर बोलू शकतात का? आणि ती को-पायलट आहे, असे रिपोर्ट तिने द्यायचे की कॅप्टनने?

निवृत्त कॅप्टन, डोंबिवली

कंट्रोलरच्या फ्रिक्वेन्सीवर गप्पा नाहीत. आवाज ओळखू येतो, एखादा "गुड डे" जरा जास्त गोड होतो, तेवढंच. १२१.५ वर तर मुळीच नाही. ती आणीबाणीची लाइन आहे, प्रत्येक जण ती ऐकत असतो. तिथे थट्टा करणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो, कारण हाक मारणारा तेव्हाच हाक मारत असू शकतो. दूर समुद्रावर, जमिनीवरचं व्हीएचएफ पोचत नाही तिथे, विमानांनी आपसात बोलायला १२३.४५ आहे. पुढच्याच्या पंखांमागची भोवऱ्यासारखी हवा मागच्याला लागत असेल तर दोघं तिथेच ठरवतात की कोण मार्गाच्या उजवीकडे एक-दोन मैल सरकणार.

रिपोर्टचं म्हणाल, तर जो त्या वेळी विमान चालवत नसतो तो रेडिओ सांभाळतो. त्यामुळे साधारण निम्म्या उड्डाणांत तिचाच आवाज असतो. नव्या मुली कधी कधी बिचकतात, कॅप्टनने सांगितल्याशिवाय कसं बोलू असं त्यांना वाटतं. तिला सांगा, धक्का बसला की कॅप्टनला विचार, "सर, रिपोर्ट देऊ?" माझ्या शेजारच्या कुणी हे विचारलं की मला फार बरं वाटायचं.

आणि एक गोष्ट हल्लीची. दुसऱ्या कंपनीच्या विमानाचं उतरणं वेडंवाकडं झालं की फोन काढून चित्रीकरण करायचं, ते ग्रुपवर टाकायचं, हे वाढलंय. त्या क्रूला त्या वेळी वारा कसा लागला हे खिडकीतून बघणाऱ्याला कळत नसतं. टायरमधून धूर दिसला, काही लोंबकळताना दिसलं, तर रेडिओवर लगेच सांगावं, तेही नाव न ठेवता, साध्या आवाजात. घटनेची चौकशी करणारे वेगळे असतात, ते त्यांचं काम करतात.