शब्दचर्चा : स्पॅनिशमधलं वळण, भीड आणि लाज

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी मंडळींचा एक हमखास प्रश्न : ‘एदुकादो’ म्हणजे शिकलेला ना?

नाही. शाळेचं तोंडही न पाहिलेला शेतकरी ‘मुय एदुकादो’ असू शकतो, आणि दोन पदव्या मिरवत रांगेत मध्येच घुसणारा इसम ‘मालेदुकादो’. आपण ज्याला वळण म्हणतो, ते हे. लॅटिन ‘एदुकारे’ म्हणजे मुळात पोसणं, लहानाचं मोठं करणं. स्पॅनिशने तो जुना अर्थ सोडलेला नाही. कुणी ‘फाल्ता दे एदुकासिओन’ म्हणून डोळे वटारले तर ते शिक्षणाच्या अभावाबद्दल हळहळत नसतात. ‘घरच्यांनी काही शिकवलं की नाही?’ असं विचारत असतात. भरपूर वाचलेल्या, व्यासंगी माणसाला ‘कुल्तो’ म्हणतात.

घोटाळा होतो तो आपण मध्ये इंग्रजीला दुभाषी म्हणून उभं करतो म्हणून. ‘फोर्माल’चंही तेच. कपड्यांबद्दल, समारंभाबद्दल तो आपल्या ओळखीचाच आहे. पण माणूस ‘फोर्माल’ असेल तर तो दिलेला शब्द पाळणारा, वेळेवर येणारा. ‘इन्फोर्माल’ प्लंबर म्हणजे ‘उद्या नक्की’ सांगून चार दिवस न उगवणारा. ही जात जगभर एकच दिसते.

लॅटिनहून शब्द स्पॅनिशमध्ये दोन वाटांनी आले, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तत्सम-तद्भव आपण शाळेतच पाठ केलेलं असतं. ‘लेगालिस’ म्हणजे कायद्याला धरून असलेला. तो लोकांच्या तोंडी घासत घासत ‘लेआल’ झाला : निष्ठावान, एकनिष्ठ. मग विद्वानांनी तोच शब्द पुन्हा पोथीतून उचलला आणि ‘लेगाल’ म्हणून कायदेशीरच्या अर्थाने ठेवला. गंमत पुढे आहे. आज स्पेनच्या बोलीभाषेत ‘उन तिओ लेगाल’ म्हणजे भरवशाचा गडी, दगा न देणारा! पोथीतला शब्दही फिरून चावडीवर आलाच. ‘रेस्पेतो’ (मान) आणि ‘रेस्पेक्तो’ (संबंधी, बाबतीत) ही अशीच जोडी. दोन्हींच्या मुळाशी ‘मागे वळून पाहणं’.

‘बिर्तुद’ म्हणजे सद्गुण. लॅटिनमध्ये ‘विर्तुस’ म्हणजे मर्दपणा, शौर्य, कारण ‘विर’ म्हणजे पुरुष. हा ‘विर’ आणि आपला ‘वीर’ एकाच मुळातले. रणांगणावरचा शब्द सदाचाराचा व्हायला वेळ लागला आणि वाटेत त्यातला पुरुष गळून पडला; बरंच झालं. सभ्य, शालीन अशा ‘कोर्तेस’चं मूळ ‘कोर्ते’मध्ये, म्हणजे राजदरबारात. पण ‘कोर्ते’ ज्या लॅटिन ‘कोहोर्स’वरून आला, त्याचा जुना अर्थ आवार, गोठ्यासमोरचं अंगण. उलट शेतवाडीवर राहणारा बिचारा ‘विल्लानुस’, त्याचा ‘बियानो’ म्हणजे हलकट झाला. आपणही ‘नागर’ म्हणजे सुसंस्कृत आणि ‘ग्राम्य’ म्हणजे अश्लील करून ठेवलंच आहे. शब्दांचे अर्थ ठरवणारे सगळीकडे शहरातच राहत असावेत.

प्रामाणिकपणाला दोन शब्द आहेत, ‘ओनरादो’ आणि ‘ओनेस्तो’. दोन्ही ‘ओनोर’च्या, म्हणजे मानाच्या कुळातले. जुने लोक फरक असा सांगत : माणूस कमरेच्या वर ‘ओनरादो’, कमरेखाली ‘ओनेस्तो’. पहिला पैशाअडक्याचा, दुसरा शीलाचा. आता ‘ओनेस्तो’सुद्धा सर्रास प्रामाणिक या अर्थाने चालतो.

सगळंच लॅटिन नाही, हेही सांगायला हवं. गर्वाचं पापाच्या यादीतलं नाव ‘सोबेर्बिया’ लॅटिनच. पण लेकीच्या यशाने बापाची छाती फुगते तो ‘ओर्गुयो’ फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीतून कातालान भाषेमार्गे आला. ‘मेस्कीनो’ म्हणजे कोत्या मनाचा, चिक्कू. हा अरबी ‘मिस्कीन’, अर्थात गरीब. गरिबाला कंजूष ठरवणं हाही एक जुना अन्याय.

पण या सगळ्यांत मला मोठा वाटतो तो ‘बेरग्वेन्सा’ (स्पेनमध्ये बऱ्याच ठिकाणी ‘बेरग्वेन्था’). लॅटिन ‘वेरेकुंदिया’वरून आलेला. त्यामागचं क्रियापद ‘वेरेरी’ : धाक वाटणं, आदराने बिचकणं. म्हणजे मूळ अर्थ आपल्या ‘भीड’च्या जवळ. आज त्यात लाज, संकोच, शरम, चाड सगळं मावतं. चारचौघांत गायला लाजणं हीही बेरग्वेन्सा, आणि पैसे खाताना पकडलं गेल्यावर वाटायला हवी तीही. ती ज्याला नसते तो ‘सिनबेरग्वेन्सा’, निर्लज्ज. मात्र आजी नातवाला हेच म्हणते तेव्हा अर्थ ‘अरे लबाडा!’ एवढाच. बैलाशी झुंजणाऱ्याने पळ काढू नये म्हणून जी लागते ती ‘बेरग्वेन्सा तोरेरा’. हरणारे खेळाडू आणि राजीनामा न देणारे मंत्री यांच्याबाबतही ती काढतात. ‘जनाची नाही तर मनाची’मधली ‘मनाची’ ती हीच.

बशीत शेवटचं एक क्रोकेता (वड्यासारखा तळलेला पदार्थ) उरतं, सगळ्यांचं लक्ष त्यावर, हात कुणाचाच पुढे होत नाही. स्पेनमध्ये त्या उरलेल्या घासाला ‘ला दे ला बेरग्वेन्सा’ म्हणतात, लाजेचा. आपल्याकडे शेवटच्या भज्याचं हेच होतं, पण त्याला कुणी नाव ठेवलेलं मी ऐकलं नाही.

आणि ‘बेरग्वेन्सा आखेना’. ‘आखेनो’ म्हणजे परका, लॅटिन ‘आलिएनुस’. दुसरा कुणी व्यासपीठावर स्वतःचं हसं करून घेतो, त्याला काहीच वाटत नाही, आणि मान खाली जाते आपली. ‘त्याला नाही, पण मलाच लाज वाटली’ हे वाक्य झालं. एका शब्दात किंवा दोन शब्दांत मराठीत कुणाकडे काही आहे का? ‘परलाज’ वगैरे घडवलेलं नको. घरात, गावात खरोखर बोललं जाणारं हवं. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, काहीही चालेल.