वेळणेश्वरला आयसीएफच्या भिंती – इथे नियम कुठला लागतो?

गुहागरकर_ठाण्यात: नमस्कार मंडळी, वेळणेश्वरजवळ वडिलोपार्जित जागेत घर बांधायचंय, समुद्र अगदी हाकेवर. मेव्हणा टेक्सासला असतो, त्याचं घर आयसीएफचं आहे, म्हणजे थर्माकोलचे पोकळ ठोकळे रचत जायचे, आत सळ्या, मधे काँक्रीट ओतायचं आणि थर्माकोल तसाच भिंतीत राहतो. तो म्हणतो कोडमध्ये टेबल आहे, बघायचं आणि सळी टाकायची. आमचे गवंडी म्हणतात चिरा सोडून हे खूळ कुठनं आणलंत. मे महिन्यात घामाने जीव जातो म्हणून विचार करतोय. आपल्याकडे याला नियम काय?

सळी_आणि_सिमेंट: मेव्हण्याचं टेबल म्हणजे आयआरसीचं (अमेरिकेतल्या घरबांधणीच्या कोडचं) कलम ६०८, दोन मजल्यांपर्यंतच्या घरांसाठी. ते तिथलं, इथे चालणार नाही. आपल्याकडे ही सरळ आरसीसीची भिंत धरायची, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६, आणि भूकंपासाठी आयएस १३९२०. कोयना मागेच आहे, १९६७ चा भूकंप विसरू नका. १३९२० प्रमाणे काँक्रीट किमान १५० एमएम जाड आणि उभी-आडवी सळी प्रत्येकी भिंतीच्या छेदाच्या ०.२५ टक्के, म्हणजे साधारण १२ एमएमची सळी दर ३०० एमएमवर, पण डिझाईन इंजिनीअरकडूनच करून घ्या. समुद्रकाठ म्हणजे ४५६ मध्ये 'सिव्हियर' (कडक हवामानाचा) वर्ग, तिथे एम३० ताकदीचं काँक्रीट आणि ४५ एमएम कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर. कव्हर मोजताना फोम (तोच थर्माकोल) धरायचा नाही हां! आणि खाडीची वाळू कोणी स्वस्तात आणून टाकली तर ट्रक परत पाठवा, त्यातलं मीठ सळी खातं आणि फोमआड ते तुम्हाला दिसणारही नाही.

मालवणी_माणूस: अहो, वाळवीचं काय? आमच्याकडे दाराची चौकट दोन पावसाळ्यात पोखरली, थर्माकोल तर तिला गादीच. ती तो खात नसेल पण आतून रस्ता करून वर छपरापर्यंत जाते. अमेरिकेतही जिथे वाळवी फार तिथे जमिनीखाली फोम घालायला मनाई आहे म्हणे.

सळी_आणि_सिमेंट: बरोबर. म्हणून जोतं चिऱ्याचं किंवा साध्या काँक्रीटचं, फोम जोत्याच्या वरूनच सुरू, आणि आयएस ६३१३ प्रमाणे पायाला वाळवीचं औषध आधीच. आतल्या बाजूला फोम उघडा ठेवायचा नाही, आगीत धूर भयंकर होतो, तिकडे अर्धा इंच जिप्सम बोर्ड लावतात.

गुहागरकर_ठाण्यात: एवढं केल्यावर गार राहील ना पण?

चिरेबंदी: राव, खरं सांगू का, कोकणात खिडक्या दिवसभर उघड्या असतात, भिंत कितीही इन्सुलेटेड असली तरी दमट हवा आत येणारच. एसी लावून बंद खोलीत बसणार असाल तरच फरक. तापतो तो स्लॅब. इको निवास संहितेतही (घरांसाठीचा ऊर्जाबचतीचा कोड) छताला वेगळी मर्यादा आहे, यू-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता किती आरपार जाते त्याचं माप, १.२ च्या आत. भिंतींचे पैसे छतावर घाला, वर कौलं टाका. आणि समुद्र हाकेवर म्हणालात, तर आधी सीआरझेड (किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम) बघा, गावात भरतीरेषेपासून २०० मीटर (दाट वस्तीत ५०) ना-विकास क्षेत्र असतं, तिथे भिंत सोन्याची असली तरी परवानगीची बोंब.

गुहागरकर_ठाण्यात: आमची जागा २०० च्या बाहेर आहे, मोजणी झालीये. मग एकच खोली आयसीएफची करू काय, एसीवाली?

सळी_आणि_सिमेंट: करा हौसेने. एकदम पूर्ण उंची ओतू नका, चारेक फुटांचे थर घ्या नाहीतर फोम फुटून काँक्रीट अंगणात. बारीक सुईचा व्हायब्रेटर लावा, आणि नंतर खिडकीखाली नि कोपऱ्यात दोनतीन ठिकाणी फोम कापून बघा, पोकळ राहतं ते तिथेच. गवंडीबुवांना हे काम त्या वेळी उभं राहून करायला लावा.