स्वित्झर्लंडात चॉकलेटचा कारखाना बघायचा तर कुठला?

सायली_ठाणे:
मेअखेरीस सासू-सासऱ्यांना घेऊन स्वित्झर्लंडला जातोय. चार रात्री इंटरलाकेन, तीन झुरिक. सासरे आयुष्यभर दुधाच्या डेअरीत होते, त्यामुळे चॉकलेट खाण्यापेक्षा ते बनतं कसं यातच त्यांना रस. हाताशी एकच दिवस आहे. आणि घरी काय आणावं? आम्ही पक्के शाकाहारी, अंडंही नाही.

झुरिककर:
सोय बघायची तर झुरिकजवळ किल्चबर्गला लिंटचं म्युझियम आहे. 2020 मध्ये उघडलं. आत नऊ मीटरहून उंच चॉकलेटचं कारंजं. तिकीट आधीच काढा. तिथे सासऱ्यांना कोंच नक्की दाखवा. 1879 मध्ये बर्नला रोडोल्फ लिंटने हे घोटण्याचं यंत्र केलं. त्याआधी चॉकलेट जिभेला रवाळ लागायचं.

नीलिमा_फ्रीबूर्ग:
सासरे डेअरीतले ना? मग मी तर म्हणेन ब्रॉकलाच जा. इंटरलाकेनहून बर्नमार्गे एका दिवसात जाऊन येता येतं. कारखाना काये कंपनीचा (पाकिटावर बघून आपण 'काइलर' वाचतो). कंपनी 1819 ची, पण ब्रॉकला आली 1898 मध्ये, आणि आली ती तिथल्या ग्रुयेर भागातल्या दुधासाठी. कोको इथे पिकत नाही, तो सगळा बाहेरून येतो. इथलं स्वतःचं आहे ते दूध!

दूध चॉकलेटमध्ये घालणं सोपं नव्हतं. दुधातल्या पाण्याने कोको बिघडतो. वेवे गावातला डॅनिएल पीटर, काये घराण्याचा जावई, मूळचा मेणबत्त्या करणारा. तो यामागे वर्षानुवर्षं लागला होता. 1875 मध्ये जमलं, तेही आटवलेल्या दुधामुळे. बाकीचे कारखाने बहुतेक दुधाची भुकटी वापरतात, काये मात्र आजही आटवलेलं दूध. बासुंदीवर वाढलेल्या जिभेला तो फरक लगेच कळतो. मला पहिल्याच घासाला कळला होता, आणि तेव्हापासून घरी दुसरं मिल्क चॉकलेट येत नाही.

अनघा_पुणे:
अंडं नाही म्हणताय म्हणून सांगते: टोब्लेरोनमध्ये मध-बदामाचा नूगा असतो आणि त्यात अंड्याचा पांढरा बलक असतो. अनेकांना हे माहीतच नसतं. झुरिकची लक्झेम्बुर्गरली ही इवलाली मॅकरॉनही अंड्याचीच. भरलेल्या चॉकलेटांत किर्श, म्हणजे चेरीची दारू, असू शकते. घटकांची यादी जर्मन-फ्रेंचमध्ये असते, फोनवर भाषांतर करून वाचा.

न्यायला रागुसा बघा. 1942 मध्ये युद्धामुळे कोको मिळेना, तेव्हा कामिय ब्लोखने हेझलनट भरून ही वडी काढली. मिग्रो किंवा कोप या सुपरमार्केटमधून घ्या, विमानतळापेक्षा स्वस्त पडतं. रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्टेशनांवरची तेवढी उघडी.

आपल्याकडे तेव्हा उन्हाळा असेल, म्हणून सगळं केबिन बॅगेतच ठेवा. वर पांढरट थर आला तर टाकू नका. ती बुरशी नाही, कोकोचं लोणी वर आलेलं असतं.

सायली_ठाणे:
सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रॉक नक्की केलं. सासऱ्यांना धागा वाचून दाखवला, त्यांनी एकच विचारलं: दूध कुठून येतं?

नीलिमा_फ्रीबूर्ग:
आसपासच्या शेतकऱ्यांकडून. गाडीच्या खिडकीतून त्या गायी दिसतील, त्यांना खिडकीशीच बसवा.