मदत हवी आहे: हिलिंग्डनमध्ये विमानतळाखेरीज काम कुठे?

नमस्कार मंडळी. आम्ही लंडनच्या हिलिंग्डन बरोमध्ये, हेझला राहतो. बायको पुण्यात नऊ वर्षं अकाउंट्समध्ये होती, आता इथे नोकरी शोधतेय. जो तो हीथ्रोच सुचवतो. विमानतळ याच बरोत, त्यामुळे गोदामं, हॉटेलं, विमानांचं केटरिंग सगळं त्याच्याभोवती. पण पाळ्या पहाटेच्या, आणि मुलगी पाच वर्षांची! हेझचा नेस्लेचा कारखाना तर २०१४ मध्येच बंद झाला. स्टॉकली पार्क किंवा अक्सब्रिजच्या ऑफिसांमध्ये कुणी आहे का? भारतातला अनुभव धरतात, की आधी एएटी (इथली अकाउंटिंगची पात्रता परीक्षा) करावं? एलिझाबेथ लाइनच्या रेल्वेमुळे मध्य लंडनमधल्या पॅडिंग्टनपर्यंतही चालेल. दोन महिने नुसते नकार येताहेत, ती खचत चाललीय. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.